मला तर सगळं दिसतंय!

मधुमेह झालेला माणूस तसा गुणी असतो. सकाळी उपाशीपोटी बोट पुढे करतो, जेवून दोन तासांनी पुन्हा करतो, कारल्याचा रस पितो, जांभळाच्या बियांची पूड खातो. पण त्याला एकदा ‘डोळ्यांचा पडदा तपासून घ्या’ असं म्हणून बघा. उत्तर ठरलेलं असतं, आणि तेही जरा दुखावलेल्या आवाजात: “मला तर सगळं दिसतंय!”

माझ्या मामांच्या तोंडी हे उत्तर जास्तच वजनदार वाटायचं, कारण त्यांची अख्खी नोकरी दिसण्यावर झाली. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात. छापून आलेल्या कागदांतल्या चुका शोधायचं काम मामांकडे होतं. रेघ तुटली, शाई पसरली, आकडा सरकला, की मामांचं बोट त्यावर पडलंच म्हणून समजा. निवृत्तीनंतर प्रेस सुटली, सवय सुटली नाही. आता ते लग्नपत्रिका, हॉटेलांची मेनूकार्डं आणि मामीच्या पोळ्या तपासतात. जेल रोडला त्यांच्या ओळखीत कुणाकडे कार्य निघालं, की पत्रिकेचा नमुना देवाच्या आधी मामांपुढे ठेवतात.

अशा माणसाच्या डोळ्यांवर शंका घ्यायची कुणी? मामी घेऊ शकली असती, पण तिने ते माझ्यावर ढकललं. “तू भाची आहेस, तुझं ऐकतील.” मामा भाचीचं ऐकतात ही समजूत ज्यांनी पसरवली, त्यांना बहुधा मामा नसावेत.

मामांच्या मधुमेहाला दहा-बारा वर्षं झाली. टाइप २ मधुमेहात निदान झाल्या झाल्याच पडदा तपासायचा असतो आणि पुढे दरवर्षी, कारण हा आजार गुपचूप येतो. तो सापडतो तेव्हा मुक्कामाला येऊन त्याला किती वर्षं झाली हे कुणालाच ठाऊक नसतं. डॉक्टर दर खेपेला मामांच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायचे, ‘फंडस तपासणी करून घेणे’, म्हणजे डोळ्याचा पडदा तपासून घेणे. साऱ्या जगाच्या चुका शोधणाऱ्या मामांना ती ओळ मात्र कधी दिसली नाही.

मी मागे लागले तेव्हा पितृपक्ष होता. पितृपक्षात डोळ्यांत औषध घालू नये म्हणे. हे कुठल्या पोथीत आहे असं विचारल्यावर मामांनी “तुमच्या पिढीला काही माहीतच नाही” असा संदर्भ दिला. मग नवरात्र आलं, कालिकेच्या यात्रेला जायचं होतं. मग दिवाळी, मग लगीनसराई, मग द्राक्षं. द्राक्षांचा आणि डोळ्यांचा संबंध असा, की द्राक्षांच्या दिवसांत मामांची साखर चारचौघांत दाखवण्यासारखी नसते आणि तशा साखरेने डॉक्टरांपुढे उभं राहणं त्यांना कमीपणाचं वाटतं. एरवी रक्त द्यायच्या आधी दोन दिवस ते भात सोडतात, दुर्गा गार्डनला जास्तीच्या फेऱ्या मारतात आणि रिपोर्ट शेजाऱ्यांना दाखवतात. मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी उघडी पाडणारी एचबीएवनसी नावाची तपासणी आल्यापासून मात्र त्यांचा विज्ञानावर राग आहे.

मग एक दिवस म्हणाले, “अगं, गेल्याच महिन्यात बिटकोजवळ कॉम्प्युटरवर डोळे तपासले की!” तपासले म्हणजे चष्म्याचा नंबर काढला. ही गल्लत मात्र एकट्या मामांची नाही, निम्म्या गावाची आहे. नंबर काढताना डोळ्याला किती दिसतं ते बघतात. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर काय चाललंय, ते त्यातून कळत नाही. मधुमेहाने तिथल्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, जागोजागी फुगतात, पाझरतात. पुढे नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांतून डोळ्यात रक्त उतरू शकतं. पडद्याचा मधला भाग शाबूत असेपर्यंत माणूस तक्त्यावरची खालची ओळसुद्धा धडाधड वाचतो. दुखत नाही, खुपत नाही. हे सगळं मी चहाच्या वेळी मामांना नीट समजावून सांगितलं.

“दुखत नाही ना?” मामा म्हणाले. “मग झालं तर.”

आकडे वापरून पाहिले. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मधल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत, असं सांगितलं. मामा म्हणाले, “एवढ्या गर्दीत माझाच नंबर कशाला लागतोय?” मग इंग्लंड काढलं. तिथे २००३ पासून मधुमेहींना डोळे तपासायला या म्हणून सरकारकडून पत्र जातं. कामाच्या वयातल्या लोकांना अंधत्व येण्याचं सगळ्यांत मोठं कारण तिथे पन्नासेक वर्षं मधुमेहाने होणारा पडद्याचा हाच आजार होता. २००९-१० पर्यंत तो त्या पहिल्या नंबरावरून खाली उतरला होता आणि त्याचं बरंचसं श्रेय या तपासणीला देतात. यावर मामांनी थोडा विचार केला. “सरकारचं पत्र आलं तर मीही जाईन,” ते म्हणाले. “मला फक्त लाइटबिल येतं.”

आपली नजर सिद्ध करायला ते मला मुक्तिधामला घेऊन गेले. तिथल्या भिंतींवर गीतेचे अठराही अध्याय आहेत. मामा चष्मा खिशात घालून लांब उभे राहिले आणि खणखणीत आवाजात वाचू लागले. दोन-चार बायका हात जोडून थांबल्या. मामी माझ्या कानाशी लागली, “त्यांना पाठ आहे गं. आणि ते बघतायत बाराव्या अध्यायाकडे, म्हणतायत पंधरावा.”

मामा शेवटी तयार झाले ते आरोग्यासाठी नव्हे. बोलता बोलता मी म्हणून गेले, की त्या तपासणीत डोळ्याच्या आतला रंगीत फोटो काढतात, एकेक रक्तवाहिनी त्यात दिसते.

“छापून देतात?”

“देतात.”

“रेघा स्वच्छ येतात का?”

मी सांगितलं, की इतक्या स्वच्छ येतात की २०१६ साली गूगलच्या लोकांनी असे सव्वा लाखाहून जास्त फोटो दाखवून कॉम्प्युटरला हा आजार ओळखायला शिकवल्याचं प्रसिद्ध केलं, आणि त्या कामात मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय आणि चेन्नईचं शंकर नेत्रालयही होतं. कॉम्प्युटर चुका शोधतो हे ऐकून मामांचा चेहरा पडला, पण कुतूहल जिंकलं. “बघूनच येऊ एकदा, काय छापतात ते.”

स्कूटर काढू दिली नाही, त्यावर नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत भांडण झालं. द्वारकेच्या सिग्नलला रिक्षा अडकली, तेव्हा तेच भांडण पुन्हा पहिल्यापासून झालं. गंगापूर रोडच्या हॉस्पिटलात आधी तक्ता वाचायला लावला. मामांनी शेवटच्या ओळीपर्यंत सगळा वाचला, एक अक्षर किंचित वाकडं छापलंय हेही सांगितलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की चला, निघू या.

मग थेंब. बाहुली मोठी करणारे थेंब चुरचुरतात. ते घालून डोळे मिटून बसायचं असतं, वीस मिनिटं, अर्धा तास. मधुमेहींच्या बाहुल्या मोठ्या व्हायला कधी कधी जास्त वेळ घेतात. मामांच्या तर इतक्या हट्टी निघाल्या, की सिस्टर पुन्हा पुन्हा बॅटरी मारून बघे आणि पुन्हा थेंब घाली. मिटल्या डोळ्यांनी गप्प बसणं मामांना जमणारं नव्हतं. शेजारी निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार होते. ते डोळ्यात इंजेक्शन घ्यायला आले होते.

“डोळ्यात?” मामांचे डोळे उघडले.

“मिटा डोळे,” सिस्टर म्हणाली.

“सुन्न करून देतात, कळत नाही फारसं,” बागायतदार म्हणाले. “मला पण यायला सांगितलं होतं लवकर. पण एप्रिलला खरड छाटणी, ती आटोपतीय तोवर पाऊस, ऑक्टोबरला गोडी छाटणी, मग माल निघतो. डोळ्याला सवड कुठून काढायची? मग एक दिवस बागेतली ओळच वाकडी दिसायला लागली. पोराला शिव्या घातल्या, म्हटलं तार सैल सोडलीस. तार सरळच होती.”

मामा त्यानंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. माझ्या सगळ्या आकडेवारीने जे झालं नव्हतं, ते त्या एका तारेने केलं. मला थोडा रागच आला.

आत डॉक्टरांनी कपाळाला दिवा बांधला, हातात भिंग घेतलं आणि “वर बघा, खाली बघा, माझ्या कानाकडे बघा” असं चाललं. मग मशीनवर फोटो काढले. मोठ्या स्क्रीनवर डावा डोळा उघडला, शेंदरी, गोल, त्यात फाटे फुटलेल्या लाल रेघा. मामा खुर्ची ओढून पुढे सरकले. थेंबांमुळे डोळे पूर्ण उघडत नव्हते, तरी किलकिले करून त्यांनी डावीकडून उजवीकडे एकेक रेघ तपासली. मग खिशातून रुमाल काढला आणि स्क्रीनचा एक कोपरा पुसू लागले.

“काय झालं काका?”

“धूळ आहे. बारीक ठिपका दिसतोय. हा एक, आणि इथे दुसरा.”

“ते पुसून जाणार नाहीत,” डॉक्टर म्हणाले. “ते तुमचे आहेत.”

रक्तवाहिनीच्या फुगलेल्या जागा. अगदी सुरुवातीची पायरी. डोळ्याला आत्ता काही करायला नको. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आवरा आणि वर्षाने न चुकता या. पुढची पायरी आली तर लेसर आहे, इंजेक्शन आहे, पण त्यांनी बहुतेक वेळा आहे ते राखता येतं, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. मामांनी हे ऐकलं असावं. त्यांचं अर्धं लक्ष मात्र आपण ठिपका कॉम्प्युटरच्या आधी शोधला, यात होतं. तसं त्यांनी डॉक्टरांकडून दोनदा वदवूनही घेतलं.

बाहेर आलो तर बाराचं ऊन. गॉगल आणा असं मी सांगितलं होतं. मामांनी तो आणला नव्हता, कारण त्यांना सगळं दिसत होतं. मामीची ओढणी डोक्यावरून घेऊन ते रिक्षात बसले. हा झगझगाट चार-सहा तास राहतो, जवळचं धूसर दिसतं. घरी उतरल्यावर पैसे मीच देणार असा हट्ट धरला, पण हातातली नोट कितीची ते समजेना. मग मामांनी नोटेच्या कडेवरून अंगठा फिरवला. “चार रेघा. शंभर.” दुसरी चाचपली. “पाच रेघा. ही पाचशेची, ही नाही द्यायची.” नवीन नोटांच्या कडांना या उठावाच्या तिरप्या रेघा न दिसणाऱ्यांसाठी असतात. मला ते माहीत नव्हतं, रिक्षावाल्यालाही नव्हतं. “काका, देताय का मालिश करताय?” तो म्हणाला.

संध्याकाळी मामांनी कुटुंबाच्या ग्रुपवर तो फोटो टाकला. खाली काहीच लिहिलं नाही. पहिलं उत्तर धाकट्या मावशीचं: “किती सुंदर चंद्र! कुठे गेलात?” मग दोघांनी शुभ रात्री म्हटलं, एकाने मंगळ कडक असल्याचं सांगून शांत करायचा उपाय पाठवला. मामांनी खडसावून लिहिलं, की हा माझा डावा डोळा आहे आणि यात दोन चुका आहेत, शोधा. पुण्याच्या आतेभावापासून सगळे भिंगं घेऊन बसले. बहुतेकांनी तो फिकट पिवळा मोठा गोळा धरला, जिथून डोळ्याची नस मेंदूकडे निघते आणि जो प्रत्येकाच्याच डोळ्यात असतो. मामा एकेकाला नापास करत होते.

रात्री उशिरा मालेगावच्या काकांनी, ज्यांची साखर मामांपेक्षा जुनी आहे, विचारलं, “खर्च किती येतो? आत्ता लगेच नाही, जरा कांद्याचं आटोपलं की बघू म्हणतो.”

मामांचं उत्तर मिनिटभरात आलं. “सोमवारी सकाळी ये. गॉगल आण. मोटारसायकल आणू नको.”