‘एक मिलिमीटर बोअर, हेड घासा, पॉवर दुप्पट’ : व्हायरल मेसेजला मुद्देसूद उत्तर

ऑटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरची घड्याळाशी शर्यत) आणि रॅली खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मारुती जिप्सीच्या इंजिनाबद्दल एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) एक मिलिमीटर वाढवा, हेड (सिलिंडरवरचं झाकण) जमेल तितकं घासा, पोर्ट (हवा आत-बाहेर जायच्या वाटा) आरशासारखे पॉलिश करा, फोर्ज्ड (दाबून घडवलेला) पिस्टन खोक्यातून काढून थेट बसवा, एअर फिल्टर काढून टाका, १३०० सीसीची पॉवर दुप्पट होईल. पुढे दोन उपदेश आहेत. सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या मशीनवर, केलेलं तेवढंच काम अचूक, घरगुती वर्कशॉपमध्ये रेस इंजिन होत नाही. आणि नवीन इंजिन पहिले हजार किलोमीटर हळू चालवायचं.

यातला एकही दावा आहे तसा टिकत नाही, आणि दोन-तीन दावे तर सरळ इंजिन फोडणारे आहेत. नाशिकमध्ये हौशी पोरं पहिल्या पगाराचे पैसे इंजिनात घालतात. म्हणून प्रत्येक मुद्द्याचं उत्तर आकड्यांनिशी देणं गरजेचं वाटलं.

‘पॉवर दुप्पट’

पॉवर म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे). न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागलं की किलोवॅट मिळतात. टर्बो नसलेल्या इंजिनाचा टॉर्क एका स्ट्रोकमध्ये किती हवा भरते त्यावर ठरतो. सीसी जवळपास तेवढीच असताना चांगलं हेड आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टॉर्क थोडा वाढवतात, दुप्पट करत नाहीत. मग दुप्पट पॉवरसाठी आरपीएम दुप्पट करावे लागतील. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ७५.५ मिमी आहे. ६५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.४ मीटर पडतो, ८००० ला २०.१ आणि १३,००० ला जवळजवळ ३३. फॉर्म्युला वनची इंजिनंही २५ च्या आसपास थांबतात.

शिवाय पिस्टन आणि त्याला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडच्या जडत्वाचा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६५०० वरून ८००० वर गेलं की रॉड बोल्टवरचा ताण ५१ टक्के वाढतो. म्हणून रेस इंजिनात रॉड बोल्ट नवीनच घालायचे आणि नुसत्या टॉर्क रेंचवर भागवायचं नाही. बोल्टची लांबी आवळण्याआधी आणि आवळल्यावर मोजायची, आणि बोल्ट बनवणाऱ्याने दिलेला ताण मिळेपर्यंत आवळायचं. आट्यांना कोणतं तेल लावलं यावर टॉर्क रेंचचं वाचन बदलतं, लांबीचं बदलत नाही.

‘एक मिलिमीटर बोअर’

मूळ बोअर ७४ मिमी. तो ७५ केला तर क्षेत्रफळ २.७ टक्के वाढतं. १२९८ सीसीचे सुमारे १३३४ होतात. म्हणजे सगळं जमून आलं तरी पॉवरमध्ये वाढ तेवढीच, २.७ टक्क्यांच्या घरात. त्यासाठी जे गमवावं लागतं ते बघा. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि आत ओतीव लोखंडाचा लायनर, म्हणजे नळीसारखं अस्तर. त्याची भिंत पातळ झाली की गरम झाल्यावर बोअर गोल राहत नाही. हेड गॅस्केटची स्टीलची कडी जुन्या बोअरच्या मापाची असेल तर ती आत डोकावते, तापून लाल होते आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवते. आणि सीसीची मर्यादा ओलांडली तर स्क्रूटिनीत (शर्यतीच्या तांत्रिक तपासणीत) गाडी क्लासमधून बाहेर जाते.

मोटरसायकलवाल्यांसाठी आणखी एक. आजच्या बऱ्याच गाड्यांच्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कडक मुलामा असतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ. तिथे बोअरिंग बार लावला की मुलामा गेला आणि पिस्टन उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर घासायला लागला. असा सिलिंडर पुन्हा मुलामा करून घ्यावा लागतो किंवा त्यात स्लीव्ह घालावी लागते.

बोअर करायची खरी वेळ म्हणजे जुना बोअर झिजला असेल तेव्हा, आणि तेव्हाही पुढच्या उपलब्ध ओव्हरसाइज पिस्टनच्या मापापर्यंतच. पॉवर मिळते ती बोअर किती सरळ आणि किती गोल आहे त्यातून, कारण रिंगा तिथेच सील धरतात. काम असं: पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंगला हात लावायचा नाही. चारही पिस्टन मोजून प्रत्येकावर सिलिंडरचा नंबर टाकायचा. बोअरिंग करताना शेवटच्या मापाला ०.०७ ते ०.०८ मिमी होनिंगसाठी (दगडाने केलेल्या शेवटच्या घिसाईसाठी) ठेवायचे, कारण बोअरिंगच्या टूलने धातूचा वरचा थर फाटलेला असतो आणि तो होनिंगमध्ये निघून जायला हवा.

होनिंगआधी ब्लॉकवर टॉर्क प्लेट बसवायची. ही ४० ते ५० मिमी जाडीची स्टील प्लेट असते, बोअरच्या जागी भोकं असलेली. ती त्याच हेड बोल्टनी, त्याच प्रकारचं गॅस्केट घालून, त्याच टॉर्कला आवळायची. ही पायरी गाळली तर मोकळा असताना अचूक गोल भरलेला बोअर हेड आवळताच बोल्टांच्या जवळ आत दबतो, आणि दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक सहज पडतो. तेवढ्यावर रिंग एका बाजूला भिंत सोडते. मग ऑइल जळतं, धूर येतो, आणि दोष रिंगांच्या कंपनीला दिला जातो.

शेवटच्या दगडाने ४० ते ४५ अंशांची जाळी पडली पाहिजे. जाळी आडवी झाली तर ऑइल जास्त राहतं, उभी झाली तर खाली ओघळतं. नंतर बोअर डिझेलने किंवा पेट्रोलने धुऊ नका. त्याने दगडाची भुकटी जाळीत आणखी बसते. गरम पाणी, साबण आणि ब्रश वापरा. लगेच कोरडा करून हलकं ऑइल लावा आणि पांढऱ्या कापडाने पुसा. कापड काळं पडलं तर पुन्हा धुवा. कापड पांढरं निघेपर्यंत हे चालू ठेवायचं, मग कितीही वेळ लागो.

‘हेड जमेल तितकं घासा’

मेसेजमधला सगळ्यात धोकादायक सल्ला हा. कंप्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ९.५ वरून १०.५ नेला तर गणितानुसार कार्यक्षमतेत मिळणारा फायदा ३ टक्क्यांपेक्षाही कमी असतो. आणि तेवढ्यासाठी किती घासावं लागेल? एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टनच्या चालीत येणारी जागा) ३२४.७ सीसी आहे. ९.५ रेशोला वर ३८.२ सीसी जागा उरते. हेड अर्धा मिलिमीटर घासलं तर त्यातले जेमतेम दोन सीसी जातात आणि रेशो ९.९ च्या आसपास येतो. पुढचं घासत बसलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ यायला लागतात, आणि बेल्टवर चालणारा कॅम हेड खाली आल्यामुळे मागे पडतो. त्यासाठी अ‍ॅडजस्टेबल कॅम पुली आणि डिग्री व्हील (क्रँक किती अंश फिरला ते दाखवणारी चकती) लागते. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

घासण्याआधी मोजा. चेंबरवर (हेडमधल्या मिश्रण जळायच्या खळगीवर) ग्रीस लावून भोक पाडलेली पर्स्पेक्सची प्लेट दाबायची आणि ब्युरेटने रंगीत स्पिरिट भरून चारही चेंबर मोजायचे. त्यांच्यातला फरक ०.३ सीसीच्या आत आणायचा. जो चेंबर लहान आहे तोच सगळ्यात आधी नॉक करतो, म्हणजे तिथे मिश्रण अवेळी भडकतं, आणि बाकी तीन चांगले असून इंजिन त्याच्यासाठी रिटार्ड करावं लागतं, म्हणजे ठिणगी उशिरा द्यावी लागते.

पिस्टन वर आल्यावर त्याच्या आणि हेडच्या सपाट भागातली जागा, म्हणजे स्क्विश, स्टीलचे रॉड असतील तर १ मिमीच्या आसपास ठेवायची. खूप कमी ठेवली तर वरच्या आरपीएमला पिस्टन हेडला टेकतो, जास्त ठेवली तर मिश्रण नीट ढवळलं जात नाही आणि नॉकिंग वाढतं. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर प्लॅस्टिसिन ठेवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून बघायचं. इनलेट (मिश्रण आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हला किमान २ आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हला २.५ मिमी हवं.

आता पेट्रोल. साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं धरूनच बेत करा. इथेनॉल २० टक्के असलं की हवा-इंधनाचं योग्य प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येतं, म्हणजे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्रावर) इंजिन ७-८ टक्के लीन चालतं, पेट्रोल तेवढं कमी पडतं. त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. इथे हवेचा दाब जवळपास ७ टक्के कमी. इथे शांत चाललेलं हाय कंप्रेशन इंजिन चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेलं की सिलिंडरमध्ये जास्त हवा जाते, कार्बोरेटर असेल तर मिश्रण आणखी लीन होतं, आणि पिस्टनच्या कडा वितळतात. तिथे जाताना जेट मोठे घ्या आणि इग्निशन दोन अंश मागे ठेवून सुरुवात करा.

‘पोर्ट आरशासारखे’

एक्झॉस्ट पोर्ट गुळगुळीत केला तर चालतं, कार्बन कमी चिकटतो. इनलेट मात्र ६० ते ८० नंबरच्या पेपरच्या फिनिशवर थांबवा. चकचकीत भिंतीवर पेट्रोलची पातळ साय धरते आणि मग थेंब होऊन आत जाते. पोर्टचं तोंड मोठं करण्याने हवेचा वेग पडतो, आणि ऑटोक्रॉसमध्ये वळणातून बाहेर पडताना तोच वेग कामाला येतो.

फायदा असतो तो व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडीच्या) खालच्या दहा-बारा मिलिमीटरमध्ये आणि सीटच्या कोनांत. ३०, ४५ आणि ६० अंश. सीटची रुंदी इनलेटला १ ते १.२ मिमी, एक्झॉस्टला १.४ ते १.६, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता त्या पट्टीतूनच बाहेर जाते. गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) आधी बदला, सीट नंतर कापा. सीट कटरचा पायलट गाइडमध्येच बसतो. गाइड सैल असेल तर सीट मध्यावर येणारच नाही, आणि मग कितीही लॅपिंग पेस्ट घासा.

‘फोर्ज्ड पिस्टन थेट बसवा’

फोर्ज्ड पिस्टनमधली कमी सिलिकॉनची मिश्रधातू जास्त फुगते. ७४ मिमीच्या बोअरला कास्ट (ओतीव) पिस्टन मिलिमीटरच्या तीन-चार शतांश फटीत चालतो, तिथे अशा पिस्टनला आठ ते दहा शतांश लागतात. कास्टच्या मापावर बसवला तर तापताच बोअरमध्ये जाम होतो.

मापाच्या वेळचं तापमानही पाहा. २० अंशांच्या फरकाने ७४ मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन ०.०३४ मिमी वाढतो, लोखंडी बोअर ०.०१६. नाशिकच्या मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली घेतलेलं माप आणि डिसेंबरच्या सकाळचं माप यांत एवढा फरक पडतो. पिस्टन, ब्लॉक आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि सकाळी मोजा. नुकता हातात धरलेला पिस्टनही मोजू नका.

रिंग गॅपही (रिंगच्या दोन टोकांमधली फट) खोक्यातून आलेला तसाच चालत नाही. या बोअरला वरच्या रिंगला ०.३३ ते ०.३७ मिमी, दुसरीला त्याहून थोडा जास्त. रिंग पिस्टनने ढकलून बोअरमध्ये सरळ करायची, फीलर गेज घालायचं, थोडी घासायची, कडेचा बर काढायचा. गॅप कमी राहिला तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा रिंगमधला कठडा तुटतो.

‘एअर फिल्टर काढा’

मुरमाच्या ट्रॅकवर हा सल्ला म्हणजे रिंगांची आणि बोअरची राखरांगोळी. धूळ ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत जाते. ऑइल लावलेला, आकाराने पुरेसा मोठा फोम फिल्टर घाला आणि प्रत्येक हीटनंतर (शर्यतीच्या फेरीनंतर) बघा.

‘सीएनसी नसेल तर अचूकता नाही’

हे वाक्य नाशिककरांनी तरी पुढे पाठवू नये. ओझरला १९६४ पासून एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) लढाऊ विमानांचं काम होतंय. सातपूरला बॉशमध्ये डिझेल इंजेक्शनचे भाग मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) मापात बनतात. हीच शिस्त शिकलेले टूलरूमचे कारागीर सातपूर-अंबडच्या छोट्या शेडमध्ये आपापल्या घरच्यांबरोबर काम करतात. सीएनसी दिलेल्या हुकमाप्रमाणे कापतं. जॉब चुकीचा पकडला असेल तर चूकही तितक्याच अचूकपणे कापतं. थंड आणि तापलेल्या स्पिंडलमध्ये दहा-वीस मायक्रॉन सहज इकडेतिकडे होतात. आणि बोअरचं शेवटचं फिनिश होनिंगलाच येतं.

घरच्या वर्कशॉपला लागतं ते असं: एक मायक्रॉन वाचणारं डायल बोअर गेज, मायक्रोमीटरचा संच आणि त्याची स्टँडर्डं, सरफेस प्लेट, ब्युरेट, डिग्री व्हील. क्रँक ग्राइंडिंग, डायनॅमिक बॅलन्सिंग आणि मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट बाहेर करून घेण्यात कमीपणा नाही. क्रँक परत आला की जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या) कोपऱ्यातला गोलावा शाबूत आहे का ते भिंगाखाली बघा. तिथे धारदार काटकोन पडला असेल तर क्रँक तिथूनच तुटणार. बिग एंडचं (रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगचं) क्लिअरन्स जर्नलच्या व्यासाच्या साधारण एक हजारांश धरा, ४५ मिमीला ०.०४५.

घरात दोन माणसं असण्याचा एक मोठा फायदा आहे, तो घ्या. बापाने बोअर केलं असेल तर मुलाने मोजायचं. बोअरच्या आत तीन पातळ्यांवर, दोन दिशांना, म्हणजे सिलिंडरमागे सहा आकडे. एकमेकांचा कागद न बघता लिहायचे. ५ मायक्रॉनहून जास्त फरक आला की गेज पुन्हा सेट करून दोघांनी मोजायचं.

‘हजार किलोमीटर हळू’

रिंगा सिलिंडरमधल्या दाबानेच भिंतीवर बसतात. हळू चालवलं तर दाब नाही. होनिंगची जाळी झिजून काचेसारखी होते आणि रिंग बसायची ती राहूनच जाते.

प्लग काढून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर मारा. मिनरल ऑइल घाला. सुरू झाल्यावर आयडलिंगला न ठेवता २००० आरपीएमला १५-२० मिनिटं ठेवा, म्हणजे कॅम आणि रॉकरला तेल मिळतं. पूर्ण थंड होऊ द्या, टॅपेटची फट पुन्हा बघा. मग डायनोवर (पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवर, महामार्गावर नव्हे, अर्ध्या थ्रॉटलला ३००० ते ५००० खेचा आणि थ्रॉटल पूर्ण सोडून इंजिनावरच वेग उतरवा. असं आठ-दहा वेळा, मग लोड वाढवत न्या.

त्यानंतर लीक-डाऊन घ्या, म्हणजे सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती गळते ते मोजा. ५ टक्क्यांच्या आत असेल तर रिंगा बसल्या. ऑइल काढा, फिल्टर कापून त्याची घडी उलगडा आणि उजेडात धरा. चुंबकाला लागणारी बारीक भुकटी नव्या रिंगांची असते, पहिल्या वेळी थोडी निघतेच. चमकणारे पण चुंबकाला न लागणारे कण बेअरिंगचे किंवा पिस्टनचे असतात. ते दिसले तर इंजिन पुन्हा सुरू न करता सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवा.