मालकाचं उत्तर: "नवव्या दिवशी पुन्हा ढेकूण, औषधात नुसतं पाणी"

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. ढेकणांच्या फवारणीला आमचा माणूस दीड तास उशिरा आला आणि त्याने आधी फोनही केला नाही, ही आमची चूक. खोली रिकामी करून तुम्ही ताटकळत बसलात, त्याबद्दल माफी मागतो.

पण "औषधात नुसतं पाणी होतं, नवव्या दिवशी पुन्हा ढेकूण निघाला" हे मात्र फार लागलं. रात्री झोप नाही आली.

तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून तीन-चारदा पाहिला. त्यातला ढेकूण तिळाहून लहान आहे, फिकट, आणि पोटात लाल ठिपका. म्हणजे नुकतंच अंड्यातून निघून पहिल्यांदा रक्त प्यालेलं पिल्लू. मोठा ढेकूण पाच-सहा मिलिमीटरचा, लालसर तपकिरी असतो. तिथवर पोचायला पिल्लाला 5 वेळा कात टाकावी लागते, दर वेळी आधी रक्त प्यावं लागतं, आणि त्यात महिना तरी जातो. फवारणीने चालते-फिरते ढेकूण मरतात, पण फटीत चिकटलेली मिलिमीटरभर पांढरी अंडी बहुतेक वाचतात. ती घरातल्या उबेत 6 ते 10 दिवसांत फुटतात. तुमचा नववा दिवस नेमका त्यातच येतो. म्हणून तर दुसरी फवारणी पंधराव्या दिवशी ठेवतो: तोवर अंडी फुटलेली असतात, पण पिल्लं स्वतः अंडी घालण्याइतकी वाढलेली नसतात. ती फवारणी ठरलेल्या पैशांतच होती, पावतीवरही लिहिली आहे. तेराव्या दिवशी आम्ही फोन केला तेव्हा तुम्ही "आता नको, बघू" म्हणालात.

ढेकणांच्या विष्ठेचे काळे ठिपके तुम्हाला आधीच दिसले होते, मग आमच्या माणसाने नवीन काय शोधलं, असंही लिहिलंय. ठिपके तुम्ही लवकर ओळखलेत हे खरंच चांगलं झालं. कित्येक घरी अंगावरच्या गांध्या डासांच्या समजून महिने निघून जातात, आणि घरातल्या एखाद्याला तर चावल्याचं कळतही नाही. पण तुम्हाला ठिपके दिसले ते गादीच्या शिवणीवर. त्याने ओला कापूस फिरवून ते शाईसारखे पसरतात हे दाखवलं, मग पलंगाची डोक्याकडची फळी सोडवली. मागे स्क्रूच्या भोकांत काती आणि अंडी होती, स्विचबोर्डामागे आणखी. हे काम गुडघ्यांवर बसून, बॅटरीच्या उजेडात होतं. मीही सुरुवातीची बरीच वर्षं असंच केलंय, म्हणून "दहा मिनिटं फवारून गेला" वाचून वाईट वाटलं.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. निघताना त्याने सांगितलं होतं की गादी हलवू नका, त्याच पलंगावर झोपा. माणूस तिथे झोपला तरच लपलेले ढेकूण औषधावरून चालत बाहेर येतात. तुमच्याच अभिप्रायात आहे की तिसऱ्या दिवशी गादी मुलांच्या खोलीत नेली. औषधाच्या वासाने आईला तसं वाटणारच, मी दोष देत नाही. पण आता त्या खोलीतही ढेकूण दिसत असतील तर ते गादीबरोबर गेले असण्याची शक्यता मोठी आहे.

आणि घर अस्वच्छ असल्याचं आमच्याकडून कुणी सुचवलं असेल, तर त्याचीही माफी. ढेकूण बॅगेतून, जुन्या फर्निचरमधून येतात, ते झाडलोट बघत नाहीत.

दुसरी फवारणी आमच्याकडे बाकी आहे. या वेळी मी स्वतः येईन, दोन्ही खोल्या करून देईन, वेगळे पैसे नकोत. वेळेच्या बाबतीतही लक्ष घालतोय. तोवर चादरी-अभ्रे 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा आणि गादी आहे तिथेच राहू द्या. फवारणी झाल्यावर तुम्हाला योग्य वाटलं तर "पाणी" हा शब्द तेवढा काढा, ताई. लोक हेच वाचून आम्हाला काम देतात.