पोरांना शब्दांच्या याद्या पाठ करायला लावू नका

आज दुपारी चुलतभावाची मुलगी घरी आली, ती रडवेली होऊनच. टीवायबीकॉमला आहे. नोव्हेंबरात कॅट द्यायचीय, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांतल्या एमबीएची प्रवेश परीक्षा, पुढे आपल्या राज्याची एमबीए सीईटी. पिशवीत चौदा पुस्तकं आणि वर क्लासने दिलेली जाडजूड वही. साडेतीन हजार इंग्रजी शब्द, समोर अर्थ. "काका, रोज शंभर करायला सांगितलेत. आजचे पाठ केले की कालचे जातात."

माझं डोकंच फिरलं. कारण हेच मी केलंय.

२०११ चा उन्हाळा. बागेतल्या मांगरात आप्पा आंब्याच्या पेट्या भरतायत आणि मी दारात शब्दांची यादी घेऊन बसलोय. आप्पांनी मान वर न करता विचारलं, "झिला, तीन हजाराची पेटी वीस टक्के उतारली नि परत वीस टक्के चडली, तर हातात किती पडतले?" मी म्हटलं, "आप्पा, माझा अभ्यास चाललाय." ते गप्प झाले. थोड्या वेळाने त्यांनीच सांगितलं, "तीन हजार नाय. एकशेवीस गेले."

परीक्षेत टक्क्यांचं गणित याच वळणाचं आलं. मी घाईत मूळ किंमतीवर खूण केली. आणि ज्या शब्दांसाठी अख्खा उन्हाळा घालवला? उताऱ्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा होता. लेखक काय म्हणतोय, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

आजही तेच शिकवतायत याचा संताप येतो. कॅटमध्ये शब्दाचा अर्थ सरळ विचारतच नाहीत हो! इंग्रजीच्या विभागात बहुतेक प्रश्न उताऱ्यांवर, बाकी विस्कटलेली वाक्यं लावा, सारांश निवडा. तिन्ही विभागांना चाळीस-चाळीस मिनिटं, एकाचा वेळ दुसऱ्याला देता येत नाही. त्या चाळीस मिनिटांत अनोळखी विषयावरचं पानभर इंग्रजी न दचकता वाचता यायला हवं, तेही एकामागून एक. ते यादीने येत नाही. रोज वाचल्यानेच येतं. आधी मराठी अग्रलेख घ्या. लिहिणाऱ्या बाईंचं किंवा बुवांचं म्हणणं काय, विरोध कोणाला, कुठे मान्य करून पुढे कुठे वळले, हे तोंडाने सांगा. मग तेच इंग्रजीत. आपल्याकडे इंग्रजीची भीती इतकी की शब्द नाहीत म्हणून अडतं असं वाटतं. अडतं ते सलग वीस मिनिटं वाचायला कोणी बसवलंच नाही म्हणून.

गणिताचंही तसंच. टक्के, नफा-तोटा, गुणोत्तर, काळ-काम-वेग, समीकरणं, भूमिती. बराचसा पाया दहावीपर्यंतचाच. स्क्रीनवर कॅल्क्युलेटर असतो, खरं आहे. पण चढलेले वीस टक्के तीन हजारांवरचे नसून चोवीसशेवरचे आहेत, हे कॅल्क्युलेटर सांगत नाही. आप्पांना ते पेंढ्यात आंबा ठेवता ठेवता दिसायचं. दलाली, हमाली, गाडीभाडं वजा करून हातात किती, हे ऐकत वाढलेली आपली पोरं गणिताला घाबरतात, कारण ते गणित आणि हे गणित एकच आहे असं त्यांना कोणी सांगितलंच नाही.

उरलेला विभाग माहितीची मांडणी आणि तर्काचा. आमची आई गणपतीत दरवर्षी तो सोडवते. सतरा माणसं, चार खोल्या, आजीला माळ्यावर चढवायची नाही, दोन भावांना एका खोलीत ठेवायचं नाही, मुंबईची गाडी पहाटे तीनला येणार. ती आधी न हलणारी माणसं बसवते, मग उरलेली. परीक्षेतला संच, म्हणजे एकाच माहितीवरचे प्रश्न, तसाच सुटतो. रोज दोन संच घड्याळ लावून करावेत, आणि दहा मिनिटांत धागा सापडला नाही तर सोडून द्यायलाही शिकावं. कॅटमध्ये बरोबर उत्तराला तीन गुण, पर्याय चुकला की एक वजा. जिथे उत्तर टाइप करायचं, तिथे वजाबाकी नाही. सीईटीचा ढंग वेगळा. दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न, त्यातले शंभर तर्काचे आणि आकृत्यांचे, चुकीला दंड नाही. म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

क्लास लावूच नये असं नाही. सराव परीक्षा नीट मिळतात, पावसात लाईट गेली की बसायला जागा मिळते. मान्य. पण एवढी फी घेऊन कोवळ्या पोरीला साडेतीन हजार शब्दांखाली पुरायचं, हे मला मान्य नाही. ती वही मी माझ्याकडे ठेवून घेतलीय.

तिच्यासमोर इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख ठेवला. पंचवीस मिनिटं लागली तिला. मग तिने सगळा मालवणीत सांगितला, एक मुद्दा सोडला तर अगदी नीट. निघताना चपला घालत होती, तेव्हा पेटीचं गणित विचारलं. दोन क्षण थांबली, बोटं हलवली आणि म्हणाली, "एकशेवीस कमी पडतले, काका."

आप्पांना जाऊन चार वर्षं झाली. त्या दिवशी मी यादीतून डोकं वर करून त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

ती आता रोज संध्याकाळी येणार आहे. देवगड-जामसंड्यात कोणाकडे इंग्रजी मासिकांचे जुने अंक असतील तर रद्दीत घालू नका. मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन.