फोडणी नव्हे, मुरवण
‘आधुनिक कोरियन टेस्टिंग मेन्यू (शेफने ठरवलेल्या छोट्या छोट्या पदार्थांची मालिका) म्हणजे फ्रेंच जेवणाला दिलेली किमचीची (आंबवलेल्या कोरियन भाज्यांची) फोडणी’ हे आधुनिक कोरियन जेवणावरील लेखातील विधान मला पटले नाही. सोलमधील ‘मिंगल्स’ या रेस्टॉरंटमध्ये शेफ कांग मिन-गू यांचे जे मिष्टान्न मी खाल्ले, त्यात दोएनजांगचे (आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट पेस्टचे) क्रेम ब्रुले म्हणजे वर जळवलेल्या साखरेचा थर असलेले कस्टर्ड, सोया सॉसमध्ये घोळवलेले पिकान (अक्रोडासारखा सुकामेवा) आणि गोचुजांग (आंबवलेली तिखट मिरचीची पेस्ट) लावलेल्या धान्याच्या लाह्या होत्या, पहिल्या घासाला चक्क खारट वाटलेली ती चव व्हॅनिला आइस्क्रीमबरोबर हळूहळू खरपूस होत गेली. वरचा साखरेचा पापुद्रा फ्रेंच, हे मान्य. परंतु त्याखालची चव शिजवून, कुटून, वाळवून आंबवलेल्या सोयाबीनच्या विटांची आहे आणि त्या विटा मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरल्याशिवाय ती येत नाही. लेखात जांगचा, म्हणजे दोएनजांग, सोया सॉस, गोचुजांग अशा आंबवलेल्या सोयाबीनच्या पदार्थांचा, साधा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटले.