हवामानाचा कायदा म्हणे दिल्लीवाल्यांचा!

आज बार रूममध्ये एक ज्येष्ठ वकीलसाहेब म्हणाले, "हवामानबदल वगैरे दिल्लीवाल्यांनी बघावं. आपल्याला वाटण्या आणि फेरफार पुष्कळ आहेत." चारजण हसलेही. डोकं फिरलंय तेव्हापासून.

अहो, तासगाव तालुक्यातल्या त्या द्राक्ष बागायतदाराची फाईल याच टेबलावरून गेली ना? गारांनी बाग झोपली, विमा नाकारला, आणि आपण काय धाडलं? "योग्य ती नुकसानभरपाई द्यावी" अशी नोटीस! फळपीक विमा हवामानावर आधारित आहे. अवकाळी पावसाचा दावा बागेतलं नुकसान बघून ठरतच नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद आणि शासन निर्णयातला ट्रिगरचा तक्ता (किती पावसाला किती भरपाई ते), यावर ठरतो. गारपिटीचं वेगळं: जादा हप्ता भरला होता का, 72 तासांत कळवल्याची पोच आहे का, पंचनाम्याची प्रत कुठे? नोटिशीत यातलं अक्षर नव्हतं. शिवाय विमा नाकारल्याची तक्रार जाते ग्राहक आयोगात, तिची मुदत दोन वर्षं, ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 69. नोटिसा पाठवून ती वाढत नाही.

हवामान केंद्राची आकडेवारी प्रिंट मारून जोडली की झालं, असंही नाही. आयोगात पुरावा कायदा तितका काटेकोर लागत नाही, ठीक. दिवाणी कोर्टात मात्र 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं (नवा पुरावा कायदा) कलम 63 आहे, संगणकावरच्या नोंदींसोबत प्रमाणपत्र मागणारं. प्रमाणपत्राचा भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा, दोन्हींत हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा. किती जणांनी भरलाय तो नमुना?

बागायतदाराला कुणीतरी पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात (पर्यावरणाचे खटले चालतात तिथे) जा म्हणालं. तिथे पीकविमा चालत नाही हो! तिथे काय चालतं? मळीमिश्रित पाणी ओढ्यात सुटून विहिरी नासल्या, ते. त्या न्यायाधिकरणाच्या कायद्यात मुदत अशी: पर्यावरणाच्या वादाला कलम 14 खाली सहा महिने, भरपाईला कलम 15 खाली पाच वर्षं, उशीर माफ होतो तो फार तर 60 दिवस. अशा भरपाईचा दावा दिवाणी कोर्टात टाकलात तर कलम 29 आडवं येतं.

आपल्याकडे हवामानबदलाचा स्वतंत्र कायदा नाही, मान्य. 21 मार्च 2024 च्या रणजितसिंह निकालात सुप्रीम कोर्टाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 14 (समानता) आणि 21 (जीविताचा हक्क) मध्ये वाचला. खटला होता माळढोकाचा आणि विजेच्या तारांचा. त्याने बागायतदाराच्या खात्यात उद्या पैसे येणार नाहीत, हेही मान्य. पण उच्च न्यायालयात रिट टाकताना तो हाताशी नको?

त्या साहेबांवर राग नाही खरं तर. उलटतपासणी त्यांच्यासारखी जमत नाही कुणाला. पण साहेब, तुमच्या वाटण्या-फेरफारांतही हे शिरलंयच की. 2005, 2019, 2021, तीन महापूर बघितले सांगलीने. प्लॉटचा सर्च रिपोर्ट (मालकी तपासल्याचा अहवाल) देताना सातबारा बघता, निळी पूररेषा बघता का? 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा. तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल रेषा 100 वर्षांची, तिथे निर्बंध. पक्षकार कर्ज काढून प्लॉट घेतो तुमच्या सहीवर.

ज्युनिअर मंडळींनो, हरित न्यायाधिकरणाचा कायदा अवघ्या 38 कलमांचा आहे. एका रविवारी वाचून होतो. कलम 63 चा भरलेला नमुना हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो.