कन्यादान कोण कोणाचं करणार?

काल कट्ट्यावर चेन्नईच्या त्या लग्नाचा विषय निघाला, 2022 च्या ऑगस्टमधलं, एक मुलगी तामिळ ब्राह्मण घरातली, दुसरी बांगलादेशातल्या हिंदू बंगाली घरातली, दोघी कॅनडात भेटल्या आणि चेन्नईत तामिळ पद्धतीने लग्न केलं, एकमेकींना हार घातले. बंगाली मुलीचं आधी घरच्यांनी एका पुरुषाशी लग्न लावून दिलेलं, का तर मुली आवडणं हा आजार आहे, लग्न झालं की बरी होईल. हे वाचून माझं डोकंच फिरलं होतं.

मामा (सगळा कट्टा त्यांना मामाच म्हणतो) म्हणाले, राहू देत की सुखाने, पण मांडव कशाला? कायद्यात बसत नाही, आणि कन्यादान कोण कोणाचं करणार?

आमची वकील ताई म्हणाली, कायद्याचं खरंय मामा. 2018 ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून सुटका झाली, पण 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टाने लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, ते संसदेने बघावं म्हणाले. पण 2025 मध्ये मद्रास हायकोर्टाने घरच्यांनी अडकवून ठेवलेल्या मुलीला तिच्या जोडीदारणीकडे जायची मोकळीक दिली आणि लग्न हा कुटुंब करायचा एकच मार्ग नाही असं निकालातच लिहिलं.

तेवढ्यात कट्ट्यावरची सगळ्यात लहान पोरगी तापली. "मामा, तुमच्या भाच्याने पंजाबी मुलगी केली तेव्हा हळद पण झाली आणि चूडा पण भरला, तेव्हा नाही कोणी विचारलं कुठला विधी कोणाचा?"

"ते वेगळं. वंशाचा प्रश्न असतो गं."

मग मला राहवलं नाही. ज्यांना मूल झालं नाही त्यांची लग्नं मोडली का आपण? आणि परंपरा म्हणाल तर 1873 ला इथेच जोतिरावांच्या सत्यशोधक मंडळींनी भटजीशिवाय लग्नं लावली, तेव्हाही हे कसलं लग्न म्हणणारे होतेच ना! मला तर वाटतं घरच्यांना विधी अडत नाहीत, भावकीत काय सांगायचं ते अडतं, आणि त्याची किंमत पोरींनी भरायची. मांडव हवाच असतो हो, कारण सगळ्यांसमोर आईबापाने आपलं म्हणावं एवढंच मागणं असतं.

मामा म्हणाले, मला नाही पटत अजून. पण उठले नाहीत, बसून राहिले.

बँकेतला मित्र म्हणाला, पटेल तेव्हा पटेल, जॉइंट अकाउंट तरी उघडा म्हणावं, ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने स्पष्ट केलंय की अडचण नाही, नॉमिनी पण करता येतं. ताई म्हणाली, आणि मृत्युपत्र पण करून ठेवा, नाहीतर एक गेली की दुसरीच्या हातातून घर जाईल, कारण कायद्याने वारस तेच माहेरचे, ज्यांनी दार लावून घेतलं होतं.