उजळतं ते रक्तातल्या ऑक्सिजनमुळे

'विचार येताच मेंदूतला तो भाग स्क्रीनवर उजळतो' हे फंक्शनल एमआरआयवरच्या एका लेखातलं वाक्य पटलं नाही. फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदूचं काम टिपणारा स्कॅन, पेशींचे विद्युत संदेश मोजतच नाही. रक्तातल्या ऑक्सिजनमुळे बदलणारा सिग्नल मोजतो. तो शिगेला पोचतो मेंदूचा तो भाग कामाला लागल्यावर ५-६ सेकंदांनी, आणि बदल जेमतेम १-२ टक्के. म्हणून बोटं हलवा, थांबा, असं २०-३० सेकंदांच्या टप्प्यांत पुन्हा पुन्हा करून घेतात. रंग चढतात ते नंतर, आकडेमोडीतून. डोकं दोन-तीन मिलिमीटर हललं तरी मेंदूच्या कडेला खोटेच पट्टे उमटतात. जबडा हलू नये म्हणून शब्दसुद्धा बहुधा मनातल्या मनात म्हणायला सांगतात.

आणि हो, डोकेदुखीसाठी काढतात तो साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, त्याचं काम नाही. त्या फिल्मवर हे रंग शोधत बसू नका.